छिद्रांचं सोनं : रक्तातली साखर आणि डीएनए शोधणारा स्पंजासारखा धातू काम कसा करतो?

सोनं शुद्ध करताना मध्येच एक टप्पा असा येतो, की सोनं सोन्यासारखं दिसतच नाही. तपकिरी, मातकट, बोटाने दाबलं तर तुटेल असं काहीतरी हाती लागतं. ग्राहक समोर असेल तर त्याच्या पोटात गोळा यावा. पण गलाईवाला निवांत असतो, कारण पुढची आच लागली की तेच सोनं पिवळंधमक होणार हे त्याला ठाऊक असतं.

गलाईच्या धंद्यात मराठी माणूस फार दूरवर गेला आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली हजारो कुटुंबं या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडू, केरळ, हैदराबाद आणि उत्तरेतल्या शहरांत राहतात. (इथलं खानापूर म्हणजे विट्याजवळचं, बेळगावच्या वाचकांनी गल्लत करू नये.) जुने दागिने वितळवायचे, त्यातली चांदी-तांब्याची भेसळ काढायची आणि शुद्ध सोनं हातात द्यायचं, हे त्यांचं काम.

चांदी वेगळी करायची एक जुनी रीत ऐकायला उलटी वाटते. सोन्यातली चांदी काढायची म्हणून आधी त्यात आणखी चांदी घालतात. साधारण एक भाग सोनं आणि तीन भाग चांदी झाली, की तो मिश्रधातू पातळ करून नायट्रिक ॲसिडमध्ये, म्हणजे पेठेच्या भाषेत तेजाबात, उकळतात. चांदी विरघळून जाते, सोनं मागे राहतं. हेच तत्त्व हॉलमार्किंग केंद्रात वापरतात. दागिन्याचा छोटा नमुना चांदीबरोबर एकत्र करून त्याची गुंडाळी तेजाबात उकळतात आणि उरलेल्या सोन्याचं वजन करतात. ॲसिडमधून बाहेर आलेली ती गुंडाळीही तपकिरी आणि ठिसूळच असते.

ही मधली अवस्था कारागिराच्या दृष्टीने बिनकामाची. पण गेली वीस-पंचवीस वर्षं जगभरातल्या प्रयोगशाळांत नेमका याच अवस्थेतल्या सोन्याचा बारकाईने अभ्यास चालू आहे. कारण त्या तपकिरी तुकड्यात चांदीच्या जागी पोकळ्या तयार झालेल्या असतात. प्रत्येक पोकळी काही दशांश नव्हे, तर काही दशक नॅनोमीटरची. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अशा छिद्रांच्या धातूपासून केलेला इलेक्ट्रोड रक्तातली साखर, डीएनए आणि इतर जैविक रेणू ओळखायला वापरता येतो. तो कसा, त्याचा फायदा किती आणि मर्यादा कोणत्या, हे समजून घेण्यासारखं आहे. विशेषतः मोबाईलवर रोज एक तरी ‘सुई न टोचता साखर तपासा’ छापाची जाहिरात येत असताना.

आधी आजची पट्टी कशी चालते?

मधुमेह हा सीमेच्या अलीकडे-पलीकडे सगळ्यांच्या घरातला विषय आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. राज्यांच्या यादीत प्रमाणाने सर्वांत वर गोवा होता : २६.४ टक्के. म्हणजे दर चार प्रौढांमागे एकापेक्षा जास्त.

यातल्या अनेकांच्या घरी ग्लुकोमीटर असतो. बोट टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा, पाच-सात सेकंदांत आकडा. पट्टीच्या टोकाला ग्लुकोज ओळखणारं एन्झाइम वाळवून बसवलेलं असतं. ते रक्तातल्या ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं. मधला एक रासायनिक हमाल ते इलेक्ट्रॉन पट्टीवरच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचवतो. इलेक्ट्रॉन वाहिले म्हणजे वीज वाहिली. साखर जास्त तर प्रवाह जास्त. मीटर तो प्रवाह मोजतो आणि पडद्यावर आकडा दाखवतो.

या कल्पनेचं श्रेय अमेरिकी शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांना जातं. १९५० च्या दशकात त्यांनी रक्तातला ऑक्सिजन मोजणारा प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड बनवला. उघडं प्लॅटिनम रक्तात घातलं की त्यावर रक्तातले घटक चिकटायचे आणि मोजमाप बिघडायचं. क्लार्क यांनी इलेक्ट्रोडवर प्लॅस्टिकचा पातळ पडदा लावला. ऑक्सिजन आत येई, बाकीची गर्दी बाहेर राही. १९६२ मध्ये क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी याच इलेक्ट्रोडला ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमची जोड देण्याची कल्पना मांडली. १९८७ च्या सुमारास विजेच्या प्रवाहावर चालणारा, पेनाच्या आकाराचा घरगुती मीटर बाजारात आला. आजच्या पट्ट्या त्याच घराण्यातल्या.

अडचण कुठे येते?

पद्धत चांगली आहे, पण तिला तीन दुखणी आहेत.

पहिलं दुखणं एन्झाइमचं. एन्झाइम हे प्रथिन. उष्णता आणि दमट हवा त्याला सोसत नाही. म्हणूनच पट्ट्यांच्या डबीवर तापमानाची मर्यादा छापलेली असते आणि झाकण लगेच लावा असं बजावलेलं असतं. गोव्यातला जुलै किंवा हैदराबादचा मे महिना, दोन्ही पट्टीच्या जिवावर उठतात.

दुसरं दुखणं इतर रेणूंच्या लुडबुडीचं. इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन देणारं रक्तात एकटं ग्लुकोज नसतं. क जीवनसत्त्व, युरिक ॲसिड, तापासाठी घेतलेलं पॅरासिटामॉल, हे सगळे इलेक्ट्रॉन देऊ शकतात. इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन कुणाकडून आला ते कळत नाही. तो फक्त मोजतो. त्वचेखाली बसवायच्या काही सेन्सरमध्ये पॅरासिटामॉलमुळे साखर खोटी वाढलेली दिसल्याचं नोंदलं गेलं आहे.

तिसरं दुखणं क्लार्क यांना भेटलं तेच, चिकटण्याचं. रक्तद्रवात दर १०० मिलिलिटरला साडेतीन ते पाच ग्रॅम एकटं अल्ब्युमिन हे प्रथिन असतं. धातूचा गुळगुळीत पृष्ठभाग दिसला की प्रथिनं त्यावर जाऊन बसतात. दुधाचं पातेलं विसळायला उशीर झाला की जसा थर धरतो, तसं. पाच सेकंदांच्या पट्टीला त्याने फारसं बिघडत नाही. पण ज्या सेन्सरने शरीरात दिवसेंदिवस राहायचं, किंवा रक्तात पार तुरळक असलेला डीएनए शोधायचा, त्याच्यासाठी हा थर म्हणजे डोळ्यावर बांधलेली पट्टीच.

छिद्रांच्या धातूकडे शास्त्रज्ञ वळले ते या दुखण्यांवर उतारा म्हणून.

छिद्रं पाडतं कोण?

इतकं बारीक छिद्र पाडणारी सुई कुठेच नाही. छिद्रं आपोआप पडतात, आणि ती का पडतात हे बरीच वर्षं नीट उलगडलं नव्हतं. चांदी विरघळली तर वरच्या थरातली विरघळेल. मागे राहिलेले सोन्याचे अणू झाकणासारखे बसतील आणि खालची चांदी वाचेल, असं वाटणं साहजिक आहे. मग ॲसिड आतपर्यंत जातं कसं?

२००१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात जोना अर्लबाकर, कार्ल सिएराड्झ्की आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर मांडलं. चांदीचा अणू निघून गेला की शेजारचे सोन्याचे अणू एकटे पडतात. ते जागच्या जागी थांबत नाहीत. पृष्ठभागावर सरकत-सरकत एकमेकांना जाऊन चिकटतात. जत्रेत पांगलेले एका गावचे लोक जसे शेवटी एका झाडाखाली गोळा होतात, तसे सोन्याचे अणू बेटं करून राहतात. बेटं झाली की मधली जागा उघडी पडते, खालची चांदी ॲसिडला भिडते, ती विरघळते, पुन्हा सोनं गोळा होतं. असं करत ॲसिड आत-आत जातं आणि शेवटी एकमेकांत गुंतलेल्या सोन्याच्या बारीक दोऱ्यांचं जाळं उरतं. आंघोळीचा स्पंज डोळ्यांसमोर आणा. फक्त त्याचे धागे सोन्याचे आणि तीस-चाळीस नॅनोमीटर जाडीचे.

गलाईवाला आधी चांदी का वाढवतो, याचंही उत्तर इथेच आहे. मिश्रधातूत सोन्याचे अणू निम्म्याहून जास्त असले, तर सोनं खरोखरच झाकण बनून बसतं आणि आतली चांदी सुटत नाही. २२ कॅरेटच्या बांगडीला नायट्रिक ॲसिड काही करू शकत नाही, ते याचमुळे. सोनाराची कसोटीच्या दगडावरची ॲसिडची परीक्षाही याच गुणावर उभी आहे.

प्रयोगशाळेत यासाठी फार महागडी सामग्री लागते असंही नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अर्लबाकर यांच्या गटाने २००४ मध्ये चक्क सजावटीसाठी मिळणारा १२ कॅरेटचा वर्ख घेतला. सोनं-चांदी वजनाने निम्मं-निम्मं, जाडी सुमारे १०० नॅनोमीटर. तो नायट्रिक ॲसिडवर तरंगत ठेवला आणि त्याचा सच्छिद्र पडदा झाला. आता बहुतेक प्रयोगांत काचेवर किंवा सिलिकॉनवर सोनं-चांदीचा पातळ थर चढवतात आणि मग चांदी काढून घेतात.

प्लॅटिनमसाठी वेगळी वाट आहे. १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या जॉर्ज अटार्ड, फिलिप बार्टलेट आणि सहकाऱ्यांनी साबणासारख्या पदार्थाचे रेणू पाण्यात शिस्तीत रचून त्यांचा साचा केला, त्याच्या फटींत प्लॅटिनम भरलं आणि नंतर साचा धुऊन टाकला. मागे राहिली ती जेमतेम तीन-चार नॅनोमीटरची, ओळीने लावलेली छिद्रं.

एक ग्रॅम सोनं, एका खोलीची फरशी

छिद्रांमुळे जागा किती वाढते, याचा हिशेब घरबसल्या करता येतो. एक ग्रॅम सोन्याचा भरीव चौकोनी ठोकळा केला, तर त्याची बाजू पावणेचार मिलिमीटरच्या आसपास येते आणि सहाही बाजू मिळून पृष्ठभाग एक चौरस सेंटीमीटरही भरत नाही. त्याच एका ग्रॅमचे ३० नॅनोमीटर जाडीचे दोरे केले, तर सगळ्या दोऱ्यांचा मिळून पृष्ठभाग साधारण सात चौरस मीटर होतो. म्हणजे जवळपास ७५ चौरस फूट, एका लहान खोलीची फरशी.

रासायनिक क्रिया घडते ती धातूच्या पृष्ठभागावर. त्यामुळे जागा वाढली की प्रवाह वाढणार आणि सेन्सर जास्त तल्लख होणार, असा सरळ हिशेब मांडावासा वाटतो. बातम्यांतही तोच मांडला जातो. पण छिद्रांची खरी करामत त्याहून वेगळी आहे. वाढलेल्या जागेचा फायदा सगळ्या रेणूंना सारखा मिळत नाही. छिद्र कुणाला किती फायदा द्यायचा ते निवडतं.

घाईचं गिऱ्हाईक आणि चोखंदळ गिऱ्हाईक

बेळगावची गणपत गल्ली घ्या किंवा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. एक घाईचं. पहिलं दुकान दिसलं की भाव न करता व्यवहार उरकून मोकळं. दुसरं चोखंदळ. दहा दुकानं पाहील, पाचदा मागे फिरेल, मग कुठे एका ठिकाणी पिशवी उघडेल.

बाजारात एकच दुकान असेल तर घाईचं गिऱ्हाईक तिथे हमखास व्यवहार करणार. चोखंदळ बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत जाणार. आता त्याच दुकानामागे आत-आत जाणारी पाचशे दुकानांची गल्ली उघडली. घाईच्या गिऱ्हाइकाला काहीच फरक पडत नाही, ते तोंडाशीच काम उरकतं. चोखंदळ गिऱ्हाईक मात्र आत शिरतं, फिरत राहतं आणि शेवटी कुठेतरी व्यवहार करतंच.

ग्लुकोज हे प्लॅटिनमच्या बाबतीत चोखंदळ गिऱ्हाईक. धातूला लागल्या-लागल्या ते इलेक्ट्रॉन सोडत नाही. क्रिया सावकाश चालते. क जीवनसत्त्व आणि पॅरासिटामॉल ही घाईची गिऱ्हाइकं. रक्तात ग्लुकोजचं प्रमाण क जीवनसत्त्वाच्या शंभरेक पट असतं, तरी गुळगुळीत प्लॅटिनमवर ग्लुकोजचा आवाज दबून जातो तो या सावकाशपणामुळे.

२००३ मध्ये दक्षिण कोरियातल्या सेजिन पार्क, ताएक डोंग चुंग आणि ही चान किम यांनी बारीक छिद्रांच्या प्लॅटिनमवर हे दाखवून दिलं. छिद्रांमुळे आतली जागा वाढली तसा ग्लुकोजचा प्रवाह भरपूर वाढला. क जीवनसत्त्व आणि पॅरासिटामॉल मात्र छिद्राच्या तोंडाशीच संपून गेली. आतली जागा त्यांच्या उपयोगाची नव्हती, म्हणून त्यांचा प्रवाह जवळपास तेवढाच राहिला. म्हणजे कोणतंही एन्झाइम न वापरता, केवळ धातूच्या घडणीमुळे, ग्लुकोज बाकीच्यांपेक्षा उठून दिसू लागलं. एन्झाइम नाही म्हणजे उकाड्यात ते खराब होण्याची भीती नाही, हा आणखी एक फायदा.

तोंडाशी गर्दी, आत वाट मोकळी

चिकटणाऱ्या प्रथिनांचं काय? इथेही छिद्र कामाला येतं, पण त्याचं कारण नीट समजून घ्यायला हवं. सच्छिद्र सोन्याची छिद्रं बहुधा अल्ब्युमिनच्या एका रेणूपेक्षा मोठी असतात, त्यामुळे चाळणीसारखं ‘मोठं अडलं, लहान गेलं’ इतकं हे सोपं नाही. प्रथिनं वरच्या थरावर आणि छिद्रांच्या तोंडाशी चिकटतात. आतली वाट वाकडीतिकडी. अवजड, संथ प्रथिनांना ती पार करायला वेळ लागतो आणि तोंडाशी बसलेली प्रथिनंच मागच्यांची वाट अडवतात. ग्लुकोजसारखा किंवा त्याहून लहान रेणू मात्र त्या गर्दीतून वाट काढत आत पोचतो. रेल्वेच्या डब्यात दाराशी गर्दी असते आणि आत उभं राहायला जागा असते, त्यातलाच हा प्रकार.

अमेरिकेत व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात मेरीअन कॉलिन्सन यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये याची सरळ तुलना केली. अल्ब्युमिन असलेल्या द्रावणात एकीकडे सपाट सोनं, दुसरीकडे सच्छिद्र सोनं. सपाट सोन्याचा संकेत प्रथिनांच्या थराखाली ढासळला, सच्छिद्र सोन्याचा बऱ्यापैकी टिकून राहिला. क्लार्क यांनी जे काम वेगळा पडदा लावून साधलं होतं, त्यातलं काही धातूची स्वतःची घडणच करू लागली.

डीएनए पकडायचा गळ

डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एर्किन शेकर यांच्या प्रयोगशाळेने पुढे सच्छिद्र सोन्यावर डीएनए ओळखण्याचे प्रयोग केले. पद्धत समजायला सोपी आहे. डीएनएची एक पट्टी दुसऱ्या जुळणाऱ्या पट्टीलाच बिलगते. म्हणून हव्या त्या जंतूच्या डीएनएला जुळणारी छोटी एकेरी पट्टी घ्यायची, तिच्या टोकाला गंधकाचा अणू जोडायचा आणि सोन्यावर सोडायची. गंधक आणि सोन्याचं चांगलं जमतं. पट्टी उभी राहते, गळ टाकल्यासारखी. बरोबर मिथिलीन ब्लू हा निळा रंग असतो, जो इलेक्ट्रोडशी इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करतो. नमुन्यातला नेमका डीएनए गळाला लागला की रंगाचा इलेक्ट्रोडशी असलेला संबंध बदलतो आणि प्रवाह कमी होतो. तो बदल हाच निरोप.

सच्छिद्र सोन्यावर असे गळ कितीतरी जास्त लावता येतात आणि रक्तद्रवातली प्रथिनं चिकटली तरी काम सहसा थांबत नाही. पण या प्रयोगांतून एक उलटी गोष्टही पुढे आली. छिद्रं फार अरुंद आणि खोल असली तर शोधायचा डीएनएच आत पोचत नाही. वरच्या थरातले गळ भरतात, खालचे तसेच रिकामे राहतात आणि रिकाम्या गळांमुळे झालेला बदल फिका दिसतो. साखरेला जे छिद्र योग्य ते डीएनएला योग्य असेलच असं नाही. म्हणजे प्रत्येक रेणूसाठी छिद्राचं माप वेगळं बेतावं लागतं, शिंप्याने अंगाप्रमाणे कपडा बेतावा तसं.

मग हे अजून दुकानात का नाही?

घरी वापरल्या जाणाऱ्या आजच्या पट्ट्या आणि त्वचेखालचे सेन्सर मुख्यतः एन्झाइमवरच चालतात. छिद्रांच्या धातूला तिथवर जायला काही अडथळे पार करायचे आहेत.

पहिला अडथळा गोंगाटाचा. धातू द्रवात बुडवून त्याला विजेचा दाब दिला, की काहीही न शोधता थोडा प्रवाह वाहतोच; पृष्ठभाग ‘भरण्यात’ तो खर्च होतो. जागा वाढली की हा फुकटचा प्रवाहही त्याच प्रमाणात वाढतो. गणपतीच्या मंडपात कर्ण्याचा आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते. त्यामुळे ‘पृष्ठभाग शंभरपट’ म्हणजे ‘सेन्सर शंभरपट चांगला’ असं होत नाही.

दुसरा अडथळा मिठाचा. रक्तात क्लोराइड भरपूर असतं, लिटरला सुमारे १०० मिलिमोल. क्लोराइड सोन्या-प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि ग्लुकोजची जागा अडवतं. साध्या पाण्यात झकास चालणारा एन्झाइमविरहित इलेक्ट्रोड खाऱ्या द्रवात मंदावतो तो यामुळे.

तिसरा अडथळा आम्लतेचा. सोन्या-प्लॅटिनमऐवजी स्वस्त निकेल किंवा तांबं वापरून केलेले सच्छिद्र सेन्सर कागदावर फार तल्लख दिसतात. पण ते बहुतेक वेळा सोडियम हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या, द्रावणात चालतात. त्याचा पीएच १३ च्या आसपास, रक्ताचा ७.४. कॉस्टिक सोड्यात उत्तम धावणारा घोडा रक्तात पाऊल टाकेलच याची खात्री नाही.

चौथा अडथळा टिकण्याचा. सोन्याचे ते बारीक दोरे कायम तसेच राहत नाहीत. अणू सरकत राहतात, दोरे जाड होतात, छिद्रं मोठी होतात. उष्णता दिली तर फारच लवकर. हॉलमार्किंग केंद्रातली तपकिरी गुंडाळी तापवल्यावर पिवळी होते, ती याच कारणाने. शिवाय कितीही धुतलं तरी थोडी चांदी आत राहतेच आणि प्रत्येक खेपेला ती सारखीच राहील याची काळजी घ्यावी लागते. लाखो पट्ट्या बनवायच्या तर पहिली आणि शेवटची एकसारखी हवी.

सोन्याच्या किमतीची भीती मात्र वाटते तितकी खरी नाही. इलेक्ट्रोडवर सोन्याचा थर मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. खर्च धातूपेक्षा सारखेपणा सांभाळण्यात आणि चाचण्यांत जास्त होतो.

बातमी वाचताना विचारायचे प्रश्न

‘नॅनो तंत्रज्ञानाने मधुमेहाची तपासणी आता चुटकीसरशी’ अशा मथळ्याखाली काय आहे, हे पारखायला तीन प्रश्न पुरतात.

पहिला : चाचणी कशात झाली? कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात, मिठाच्या पाण्यात, की खऱ्या रक्तात?

दुसरा : बरोबर कोण होतं? क जीवनसत्त्व, युरिक ॲसिड, पॅरासिटामॉल आणि प्रथिनं मिसळून पाहिलं का, की शुद्ध ग्लुकोजवरच समाधान मानलं?

तिसरा : किती दिवस आणि किती वेळा? एकाच इलेक्ट्रोडने एकदा दिलेलं उत्तर वेगळं आणि शंभर इलेक्ट्रोडनी महिनाभर दिलेलं सारखं उत्तर वेगळं.

घरगुती मीटरसाठी जागतिक मानक काय मागतं, तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. आयएसओ १५१९७ च्या २०१३ च्या आवृत्तीनुसार १०० पैकी ९५ वाचनं प्रयोगशाळेच्या आकड्याच्या जवळ हवीत : साखर १०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत, १०० किंवा त्याहून जास्त असेल तर १५ टक्क्यांच्या आत. कोणत्याही नव्या सेन्सरला याच दारातून जावं लागेल.

हा मुद्दा फक्त विज्ञानाच्या हौशीचा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला, की त्वचेला न टोचता रक्तातली साखर स्वतः मोजण्याचा दावा करणाऱ्या स्मार्ट घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नये; अशा एकाही उपकरणाला त्यांनी मान्यता दिलेली नाही. चुकीच्या आकड्यावरून इन्सुलिनचा डोस जास्त घेतला गेला तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, माणूस बेशुद्ध पडू शकतो, जिवावरही बेतू शकतं. तशी घड्याळं आपल्याकडेही ऑनलाइन सर्रास दिसतात.

छिद्रांचं सोनं हा त्या घड्याळांसारखा पोकळ दावा नाही. त्यामागचं विज्ञान पक्कं आहे आणि ते नेमकं कुठे कमी पडतं हेही त्यावर काम करणारेच सांगतात. बहुधा ते आधी दवाखान्यातल्या छोट्या तपासणी यंत्रांत, जंतूंचा डीएनए ओळखणाऱ्या किटमध्ये उपयोगी पडेल. घरच्या पट्टीची पाळी नंतरची.

तोपर्यंत घरात आहे त्या पट्टीची निगा राखणं आपल्या हातात आहे. डबीचं झाकण घट्ट लावावं. डबी गाडीच्या डिकीत, स्वयंपाकघरात शेगडीजवळ किंवा बाथरूममध्ये ठेवू नये. मुदत उलटलेली पट्टी वापरू नये. बोटाला गूळ, आंबा किंवा पेढा लागलेला नाही ना, हे बघून हात धुऊन-पुसूनच टोचावं. त्वचेखालचा सेन्सर वापरणाऱ्याने ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल घेतली असेल तर ते डॉक्टरांना सांगावं. आणि आकडा तब्येतीशी जुळत नसेल, घाम फुटतोय, हात थरथरतायत आणि मीटर मात्र सगळं ठीक म्हणतोय असं झालं, तर मीटरवर न विसंबता आधी डॉक्टरांना फोन करावा.